लेकरं कोणाजवळ असतात

समाजकार्य विभागात पीएच.डी.ला नाव नोंदवलं की आधी क्षेत्र विचारतात. भिंतीवर यादीच लावलेली असते: बालकल्याण, महिला, कामगार, व्यसनमुक्ती, वृद्ध, अपंग. मी बालकल्याण घेतलं, कारण आमच्या मार्गदर्शक बाई त्या क्षेत्रातल्या होत्या आणि त्यांच्याकडे एक जागा शिल्लक होती. लातूरला गंजगोलाईत आमचं भांड्यांचं दुकान आहे. मी नांदेडला नेमकं काय करते हे गिऱ्हाइकाला सांगताना आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नेहमी पंचाईत व्हायची. "लेकरायचं कायतरी बघती," एवढं म्हणून ते तराजूकडे वळायचे.

आईबाप ऊसतोडीला निघून जातात तेव्हा मागं राहिलेल्या लेकरांचं काय होतं, हा माझा विषय. त्याच बाईंकडे माझ्याबरोबर आणखी एक जण होता, देगलूरचा. त्याचा विषय याच लेकरांच्या शाळेचा. म्हणून आम्ही गावांना जोडीनं जायचो. उंच, सावळा, दाढी राखलेला आणि बोलायला इतका हळू की एसटीत त्याचं बोलणं मला दोनदा विचारावं लागायचं. देगलूर तेलंगणाच्या सीमेवर, म्हणून घरची बोली तेलुगू. दुपारी आईचा फोन यायचा, जेवलास का म्हणून, आणि तेवढ्यापुरता त्याचा आवाज मोठा व्हायचा, हसरा व्हायचा.

ते गाव हदगाव तालुक्यातलं. आम्ही तिथं पहिल्यांदाच गेलो होतो. सोयाबीन निघालं होतं, रस्त्यावर भुसा उडत होता. रीतीप्रमाणे आधी सरपंचांना भेटायचं, पण ते नांदेडला गेले होते. फोनवर म्हणाले, "करा की, माझी काय हरकत." त्यांनी तसं गावात कोणाला सांगितलं नाही. आम्हीही त्यांना सांगा म्हणालो नाही.

चौथं की पाचवं घर एका तरुण बाईचं होतं. दीर-जाऊ तोडीला गेलेले, त्यांची दोन लेकरं हिच्याजवळ ठेवलेली, आणि हिची स्वतःची तीन वर्षांची मुलगी कडेवर. मोकळी बाई होती. बाज टाकली, चहा केला, दूध कमी आहे म्हणून दोनदा बोलून दाखवलं. मी माझे प्रश्न विचारू लागले. दुपारी लेकरं कोणाजवळ असतात? शाळेतून येताना संगं कोण असतं? घरात मोठं माणूसच नाही अशी वेळ कधी येते का?

"येती की हो," ती म्हणाली. "मी रानात गेले की दुपारभर कोणीच नसतंय. दार उघडंच."

मी ते लिहून घेतलं. तेवढ्यात माझ्या सोबत्याचा फोन वाजला. तो उठून अंगणात गेला आणि आईशी तेलुगूत बोलू लागला, हसला. ती बाई त्याच्याकडे बघत राहिली. तिनं मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"तुम्ही कुठले म्हणले होते?"

"विद्यापीठातले."

"न्हाई, गाव कोणतं?"

मी लातूर म्हणाले, तो देगलूरचा म्हणाले. पुढच्या प्रश्नांना ती फक्त हाव आणि न्हाई म्हणत गेली. मला वाटलं, कामाची वेळ झाली असेल. चहा चांगला होता म्हणून सांगून आम्ही निघालो.

आठवडाभर त्या गावातल्या मोबाइलांवर एक व्हिडिओ फिरत होता, हे मला नंतर कळलं. दाढीवाली माणसं, पांढरी गाडी, पोत्यात काहीतरी हलतंय. खाली लिहिलेलं: टोळी तेलंगणातून आली आहे, आधी सर्वेच्या नावाखाली दोघं येऊन घरं बघून जातात, सावध राहा.

एसटीला वेळ होता म्हणून आम्ही पारावर बसलो. एक मोटारसायकल आली. मागं बसलेला उतरला. तो त्या बाईचा नवरा होता. अंगाला सोयाबीनचा भुसा तसाच चिकटलेला, बायकोचा निरोप मिळाल्यावर रानातून तडक आलेला.

"काय हो, माझ्या घरी काय इचारून राहिले व्हते?"

माझा सोबती उभा राहिला, सांगू लागला. ओळखपत्र काढून दिलं. त्यानं ते उलटसुलट बघितलं आणि स्वतःच्या खिशात टाकलं.

"फोनवर कोण व्हतं?"

"आई."

"आईसंगं असल्या भाषेत बोलतो?"

"आमच्या घरी तेलुगूच..."

वाक्य पुरं झालं नाही. थोबाडीत इतक्या जोरात बसली की त्याचा चष्मा पाराच्या खाली जाऊन पडला. "तेलंगाण्यातला हाय रे! कबूल झाला!" असं तो माणूस ओरडला, आणि त्या ओरडण्यासरशी घरांतून माणसं बाहेर पडली. आधी चालत आली. मग पळत.

पहिले काही फटके दुखल्याचं मला आठवत नाही, ऐकू आल्याचं आठवतं. चपलेचा आवाज वेगळा, पट्ट्याचा वेगळा. पुरुषांनी त्याला घेतलं, बायांनी मला. कोणीतरी वेणी मनगटाला गुंडाळून मला पारावरून ओढलं, आणि मी पाठीवर पडले. तोंडावर चप्पल बसत होती. मारणारी तीच होती, जिनं चहा केला होता. ती रडत होती आणि मारत होती. "माझं लेकरू नेणार व्हतीस? माझं लेकरू?" मी "बाई, ऐका, बाई," म्हणत होते, आणि प्रत्येक शब्दाला चप्पल बसत होती. मग एका हातानं माझा गळा धरला. तो कोणाचा होता मला माहीत नाही. मी त्याला चावले, सोडलंच नाही. तोंडात रक्त आलं, ते माझं नव्हतं, आणि तरी मी दात आवळत गेले. जिचा हात होता ती किंचाळली तेव्हा मला जोर आला.

बायांच्या पायांमधून मला माझा सोबती दिसत होता. त्याला उठू देत नव्हते. तो गुडघ्यावर आला की कंबरेत लाथ. त्या नवऱ्यानं शेजारी सोडलेल्या बैलगाडीच्या जुवातून लाकडी शिवळ, हातभर लांब खुंटी, उपसली आणि दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर मारली. ऊस कडाकन मोडावा तसा आवाज झाला. त्याचा खालचा जबडा एका बाजूला सरकला आणि तिथंच राहिला. दुसरा घाव कानावर बसला. भोवती हात वर झालेले होते. काहींमध्ये काठ्या होत्या, काहींमध्ये मोबाइल. एक म्हातारा, धोतराचा सोगा सावरत, गर्दीतून वाट काढत पुढं आला. मला वाटलं हा थांबवणार. त्यानं वाकून नीट नेम धरून एक लाथ घातली आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

पाराला लागूनच पिठाची गिरणी होती. गिरणीवाला बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा, हातात पहार. जाड, पन्नाशीचा माणूस. पहार आडवी फिरवत गर्दीत शिरला, माझ्या सोबत्याला काखेत हात घालून ओढलं आणि गिरणीत टाकलं. मग परत येऊन मला दंडाला धरून आत लोटलं, स्वतः आत आला आणि शटर खाली ओढलं.

आत अंधार, गरम पिठाचा वास. माझा सोबती जमिनीवर घरघरत होता. रक्तात पीठ मिसळून त्याच्या दाढीवर लगदा झाला होता. मी त्याला कुशीवर वळवलं, नाहीतर तो रक्तानंच गुदमरला असता. बाहेर शटरवर दगड बसत होते. पत्र्याच्या त्या आवाजानं डोकं फुटायची वेळ आली होती. गिरणीवाल्यानं आधी पोलिसांना फोन लावला. मग पहार घेऊन आमच्यापुढं उभा राहिला.

"खरं बोला. मला बी नातवंडं हायत. चोर असाल तर मीच शटर वर करतो."

तेव्हा मला कळलं की त्याचाही आमच्यावर विश्वास नाही. त्यानं आम्हाला वाचवलं होतं, पण निकाल अजून दिला नव्हता. मी सांगू लागले: लातूर, भांड्यांचं दुकान, गंजगोलाई.

"गंजगोलाईत?" तो म्हणाला. "रस्ते किती फुटतात तिथून?"

"सोळा."

"सराफा कोणत्या अंगाला?"

मी सांगितलं. तो तरणा असताना तिथं हमालीला होता, हे त्यानं मग सांगितलं. पहार त्यानं खाली ठेवली नाही, पण तोंड शटरकडं केलं. "लातूरची पोरगी हाय रे! माझ्या बघण्यातल्या बाजारातली हाय!" असा तो ओरडला. बाहेरून उत्तर आलं, "तू बी मिळालेला दिसतो. तुला बी संगंच जाळू."

ते नुसतं बोलणं नव्हतं. थोड्या वेळानं शटरच्या खालून डिझेल आत आलं. फरशीवरून काळी जीभ पुढं सरकत होती. गिरणीवाल्यानं दळणाचे डबे उचलून त्यावर पालथे केले, लोकांचं ज्वारीचं, गव्हाचं पीठ, जे हाताला लागेल ते. पीठ डिझेल पीत गेलं. मीही दोन्ही हातांनी पीठ लोटत होते आणि मोठ्यानं रडत होते. शटरच्या फटीत कोणीतरी सब्बल घातली होती आणि खालची कड वर येत होती. गिरणीवाला तिच्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला. फटीतून एक हात आत आला, त्यावर त्यानं पहार घातली. बाहेरची किंकाळी मी ऐकली आणि मला बरं वाटलं.

पोलिसांची गाडी आली तेव्हा काडी ओढायचीच राहिली होती.

नांदेडच्या दवाखान्यात माझ्या सोबत्याचा जबडा तारेनं बांधला. डाव्या कानाचं ऐकणं कायमचं गेलं. माझ्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि डोक्याचा एक भाग केसांशिवाय उघडा झाला होता. त्याची आई देगलूरहून आली. पलंगाशेजारी बसून ती त्याच्याशी तेलुगूत बोलू लागली, तसा त्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला. वॉर्डात दुसरे पेशंट होते.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. एकटे नव्हते. काका होते, दुकानातले हमाल होते, दवाखान्याच्या फाटकाबाहेर दोन जीपा उभ्या होत्या. आप्पांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, नजर वळवली आणि म्हणाले, "गाव कोणतं तेवढं सांग."

"काय करणार?"

"ते तुला कशाला? गाव सांग."

आमच्या घरात सकाळची पूजा झाल्याशिवाय कोणी पाणी पीत नाही. आप्पांनी उभ्या जन्मात कोणावर हात उगारलेला मी बघितला नव्हता. काका म्हणाले, "पोलिसांकडून काय होत न्हाई. एकेकाचे हात मोडून येतो, मंग बसू बोलत." जीपेत काठ्या होत्या, हे हमालानं नंतर सांगितलं. त्या जीपांतल्या कोणालाही कोणाचं घर कोणतं हे माहीत नव्हतं. ते पारावर जो बसलेला सापडेल त्याला मारणार होते. मला हे सगळं दिसत होतं आणि तरी गावाचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मला ते सांगायचं होतं. मार्गदर्शक बाई तेवढ्यात आत आल्या आणि आप्पांसमोर खुर्ची ओढून बसल्या. "आप्पा, पोलिसांनी धरलीत माणसं. आता तुम्हाला धरायला लावू नका," म्हणाल्या. आप्पांनी भिंतीवर मूठ आपटली. तिचा आवाज ऐकून मी पांघरूण तोंडावर ओढलं.

महिन्याभरानं मी विभागात परतले. एके सकाळी व्हरांड्यात त्या गावच्या सहा-सात बाया बसलेल्या दिसल्या. नवरे कोठडीत होते. माझे पाय जागीच थांबले. ती चहावाली उठून पुढं आली, कडेवर तीच मुलगी. मी मागं सरले, तशी तीही थांबली.

"ताई, केस मागं घ्या."

मी पिशवी छातीशी धरली.

"तुम्ही इचारलं, दुपारी घरी कोण असतं. मी म्हणले कोणी नसतं. तुम्ही गेल्यावर मला धडकी भरली. म्हणलं, मीच सांगितलं, आपल्या तोंडानं सांगितलं. लेकरू गेलं असतं तर मीच दिल्यासारखं झालं असतं."

"म्हणून मारलंत?"

"हाव," ती म्हणाली. "भेव लई व्हतं."

तिनं माझे पाय धरायला हात पुढं केला. तो हात येताना दिसताच मी जोरानं ढकललं. ती मुलीसकट खांबावर आदळली. पोरगी भेदरून रडू लागली. विभागातली माणसं धावली. बायांनी पोरीला घेतलं, आणि सगळ्या जिना उतरून गेल्या. केस मी मागं घेतली नाही.

पुढं ज्या दिवशी साक्षी होत्या, त्या दिवशी कोर्टाच्या आवारात माझा सोबती माझ्यासोबत उभा होता. गाव पाठ केल्यासारखं बोललं: आम्ही रानात होतो, आम्ही बघितलं नाही. एकटा गिरणीवाला खरं बोलला, कोण कुठं उभा होता सगळं सांगितलं. साक्ष संपवून तो बाहेर आला तसा शिवळ मारणारा नवरा, जामिनावर सुटलेला, त्याला म्हणाला, "आता दळण कोणाचं दळतो ते बघू." माझा हळू बोलणारा सोबती हातात हेल्मेट घेऊन उभा होता. त्यानं ते त्या माणसाच्या तोंडावर घातलं. एकदा, दोनदा. तो माणूस खाली बसला, हात वर केला नाही. हा त्याच्या अंगावर बसून मारत राहिला. वाकड्या जुळलेल्या जबड्यातून नीट ओरडताही येत नव्हतं, नुसता घशातला आवाज येत होता. पोलिसांनी उचलून बाजूला केलं तेव्हा खाली दात पडलेले होते. मी अडवायला गेले नाही. मी मोजत होते, अजून एक, अजून एक, असं.

नवऱ्याला शिक्षा झाली, वरच्या कोर्टात अपील झालं, तो जामिनावर बाहेर आहे. बाकीचे सुटले. हेल्मेटची तक्रार त्यानं केली नाही. गिरणीवाल्याकडं गावानं दळण टाकणं बंद केलं. मग कोणीतरी गिरणीची मोटार काढून विहिरीत टाकली. तो आता हदगावला लेकाकडं राहतो आणि दुसऱ्याच्या गिरणीत बसतो. मी भेटायला गेले की आधी माझ्या डोक्याकडं बघतो, केस आले का म्हणून.

माझ्या सोबत्यानं पीएच.डी. सोडली, देगलूरला गेला. मी बाईंना म्हणाले, मला विषय बदलायचा आहे. माणसं एकत्र होऊन मारतात, त्याचा अभ्यास करायचा आहे.

"हे कोणत्या क्षेत्रात बसवू?" बाईंनी विचारलं. "यादीत नाही."

"बालकल्याणातच ठेवा," मी म्हणाले. "लेकरांपायीच मारलं त्यांनी."

बाईंनी सही केली.

त्या अभ्यासासाठी मी त्या नवऱ्यालाही भेटले, हदगावच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात. त्याचे पुढचे दात नव्हते, शब्द फसफसत होते. चहा त्यानंच मागवला. प्रश्न मी कागदावर बघून वाचले. शिवळ का उचलली, असं विचारलं.

"पहिली थोबाडीत मारली तोपतूर माझं डोकं ठिकाणावर व्हतं," तो म्हणाला. "वाटलं व्हतं, घाबरवू आन् सोडू. मंग सगळे आले. समदे मारून राहिले आन् माझ्याच घरचं लेकरू, मी मागं राहिलो असतो तर लोक काय म्हणले असते? म्हणून मोठं काहीतरी पायजे व्हतं हातात."

"तो चोर नाही हे कधी कळलं?"

"शिवळ उचलली तवा कळत व्हतं जरासं," तो म्हणाला. "थांबता आलं न्हाई."

समोर गरम चहाचा ग्लास होता. तो त्याच्या तोंडावर फेकावा असं वाटून माझा हात पुढं गेला होता. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि तो जाईपर्यंत तसेच ठेवले.

प्रबंध पुरा झाला, व्हायवा झाली. मी आता लातूरला शिकवते. पदवी मिळाल्यावर आधी देगलूरला गेले. माझा सोबती वडिलांच्या किराणा दुकानात होता. मी उजव्या बाजूला बसले, त्याला ऐकू यावं म्हणून. तो माणूस हॉटेलात काय म्हणाला ते सगळं सांगितलं. शिवळ उचलताना कळत होतं, हेही सांगितलं. त्यानं साखरेच्या पुडीला दोऱ्याचा तिढा घातला, ती गिऱ्हाइकाला दिली, मग म्हणाला, "माझं नाव कुठं लिहिलंस का?"

"नाही. प्रबंधात कोणाचंच लिहीत नाहीत, तुला माहीतच आहे."

"त्याचं?"

"त्याचंही नाही."

तो मान खाली घालून काउंटरवर सांडलेली साखर हातानं गोळा करत राहिला. जबडा एका बाजूला ओढलेला, त्यामुळं तो रागावलाय की हसतोय हे आता लवकर कळत नाही.

"त्याचं लिहायला पाहिजे होतंस," तो म्हणाला.

आतून त्याच्या आईनं जेवायला बसा म्हणून हाक मारली. आम्ही दोघं उठून हात धुवायला गेलो.